सातवा महिना, माहेर आणि विमानाचे तिकीट

मस्कतहून मुंबईला येणाऱ्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात २४ जुलै २०२५ रोजी थायलंडच्या एका महिलेला कळा सुरू झाल्या आणि विमान हवेत असतानाच तिने मुलाला जन्म दिला. विमानातले कर्मचारी आणि प्रवाशांमध्ये असलेली एक परिचारिका यांनी मिळून बाळंतपण पार पाडले. मुंबईत उतरताच बाळ-बाळंतिणीला रुग्णालयात हलवण्यात आले. त्याआधी १८ जून २०१७ रोजी दम्मामहून कोचीला निघालेले जेट एअरवेजचे विमान अशाच कारणाने मुंबईकडे वळवावे लागले होते. तेव्हाही मुलगाच झाला, तेव्हाही सुटका विमानातच झाली आणि कंपनीने त्या बाळाला आयुष्यभर मोफत प्रवास जाहीर केला. पुढे एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचीच उड्डाणे थांबली, तेव्हा ते बाळ दोन वर्षांचेही झाले नव्हते.

अशा बातम्या गोड असतात, म्हणून त्या लक्षात राहतात. त्यातून दोन उलटसुलट समज पसरतात. विमानात बसले की कळा लवकर सुरू होतात, हा एक. आणि काही झाले तरी विमानात कोणी ना कोणी डॉक्टर असतोच, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. १९२९ ते २०१८ या नव्वद वर्षांतील व्यावसायिक उड्डाणांचा मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, नोंद सापडलेल्या ७३ उड्डाणांत ७४ बाळे जन्मल्याचे आढळले. या काळात विमानाने गेलेल्या गरोदर महिलांची संख्या लक्षात घेतली तर हे प्रमाण नगण्य आहे. ‘जर्नल ऑफ ट्रॅव्हल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नोंदी न झालेले जन्म अर्थातच येत नाहीत, पण त्याने चित्र फारसे बदलत नाही.

प्रश्न खरा उभा राहतो तो जमिनीवर, आणि भिवंडीतल्या धामणकर नाक्यावरून पाहिले तर तो वेगळाच दिसतो.

या नाक्याभोवतीची वस्ती यंत्रमागांवर उभी राहिली. मागावर काम करणारी माणसे पूर्व उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आली. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे तर कित्येक पिढ्या इथलीच झाली. अलीकडे महामार्गालगतच्या गोदामांनी राज्याच्या इतर भागांतूनही नोकरदार आणले. या साऱ्या घरांत भाषा आणि धर्म वेगळा असला तरी एक रीत सारखी आहे: पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मराठी घरात डोहाळजेवण होते, उत्तर भारतीयांकडे गोदभराई, तेलुगू घरांत श्रीमंतम, मुस्लिम घरांत सतवासा. त्यानंतर लेक माहेरी जाते. माहेर कल्याणला किंवा मुरबाडला असेल तर रिक्षा किंवा एसटी पुरते. पण ते वाराणसीला, गोरखपूरला, करीमनगरला किंवा नागपूरला असले की घरात हिशेब सुरू होतो. कल्याणहून गोरखपूरची गाडी पकडली तर एक अख्खा दिवस आणि त्यावर काही तास जातात. विमानाने तेच अंतर दोन-अडीच तासांचे. तिकिटे आधी काढली तर वातानुकूलित डब्याच्या भाड्याच्या आसपास येतात, असे कधीकधी दिसते. पूर्वी ज्या घरांनी विमानतळाचे दार पाहिले नव्हते, त्या घरांतली सून आता पोटुशी असताना पहिल्यांदा विमानात बसते.

आणि नेमके इथे पंचांग आणि विमान कंपनीचे नियम एकमेकांना भिडतात.

सातवा महिना म्हणजे किती आठवडे?

आपल्याकडे गरोदरपण महिन्यांत मोजतात, डॉक्टर आणि विमान कंपन्या आठवड्यांत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, ही प्रसूतीची अपेक्षित तारीख. या हिशेबाने सातवा महिना साधारण २७ ते ३१ आठवड्यांच्या दरम्यान पडतो. विमान कंपन्यांचे काटेकोर नियम सुरू होतात ते याच सुमारास. काही कंपन्या २८ आठवड्यांनंतर, तर काही ३२ आठवड्यांनंतर ‘प्रवासास योग्य’ असल्याचे डॉक्टरचे प्रमाणपत्र मागतात. एकच बाळ असेल तर ३५ किंवा ३६ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या प्रवेशच नाकारतात. जुळे असेल तर ही रेषा ३२ च्या आसपास येते. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचा सल्लाही जवळपास असाच आहे. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात ३७ आठवड्यांनंतर आणि जुळे असल्यास ३२ आठवड्यांनंतर विमानप्रवास टाळावा, असे ते सांगते.

म्हणजे ज्या काळात आपल्या घरांतली मुलगी प्रवासाला निघते, तोच नेमका कागदपत्रांचा काळ. आठव्या महिन्यात प्रवास करू नये असे जुन्या बायका सांगतात. त्यामागची समजूत शास्त्रीय नसली, तरी विमानाच्या बाबतीत ती अनायासे नियमांच्या जवळ जाते.

महिने-आठवड्यांचा हा घोळ सोडवायला फार गणित लागत नाही. दवाखान्याच्या कार्डावर प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेली असते. त्या तारखेतून ८४ दिवस मागे गेले की २८ आठवडे, ५६ दिवस मागे गेले की ३२ आठवडे आणि २८ दिवस मागे गेले की ३६ आठवडे. तिकीट काढताना हे तीन दिवस कॅलेंडरवर खुणेने मांडले तर विमानतळावरच्या खिडकीवर वाद होत नाही. अडचण येते ती पाळीची तारीखच आठवत नसेल तर. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून गर्भाचे वय काही दिवसांच्या फरकाने सांगता येते. सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा केलेल्या सोनोग्राफीत मात्र दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होऊ शकते. म्हणून पहिला रिपोर्ट जपून ठेवावा आणि प्रवासात सोबत घ्यावा.

नियमाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. दम्मामहून येणाऱ्या त्या महिलेला सुमारे तिसावा आठवडा होता, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. म्हणजे ३६ आठवड्यांची रेषा तिच्यापासून बरीच लांब होती. आकाशातल्या कित्येक प्रसूती अशाच दिवस भरण्याआधीच्या असतात. कंपनीची रेषा दिवस भरलेल्या बाईला विमानापासून दूर ठेवते, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची चाहूल तिला लागत नाही. ती चाहूल तपासणारा डॉक्टरच घेऊ शकतो, तेही त्याने खरोखर तपासले तर. आधीचे बाळ दिवस भरण्याआधी जन्मले होते का, पोट वरचेवर कडक होते का, अंगावर पाणी किंवा रक्त जाते का, वार खाली आहे का, रक्तदाब किती आहे, या प्रश्नांची उत्तरे आठवड्यांच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असतात.

विमानाच्या आत नेमके काय होते?

प्रवासी विमान पस्तीस-एक हजार फुटांवर उडत असले तरी आतली हवा दाबाखाली ठेवलेली असते. हा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. जास्तीत जास्त आठ हजार फूट उंचीवर असेल तितका तो ठेवण्याचा नियम आहे. आपल्या परिचयातले माप लावायचे तर कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांवर आहे. विमानातली बाई त्याच्याही वर, सिमल्याहून किंचित उंच जागी बसल्यासारखी असते. तिथे श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो. निरोगी माणसाच्या रक्तातले प्राणवायूचे प्रमाण ९७-९८ टक्क्यांवरून ९०-९३ पर्यंत उतरू शकते. बाळाचे काय, हा प्रश्न साहजिक आहे. बाळाच्या रक्तातले हिमोग्लोबिन मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या जातीचे असते आणि प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. आईकडे थोडी तूट आली तरी बाळाचा वाटा सहसा कमी होत नाही. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात अधूनमधून केलेला विमानप्रवास सुरक्षित आहे, असे अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, त्यामागे हे शरीरशास्त्र आहे.

पण या वाक्यातला ‘गुंतागुंत नसलेल्या’ हा शब्द भिवंडीत फार जड पडतो. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील गरोदर महिलांपैकी ५२.२ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर आठ हजार फुटांवरची ती छोटी तूट छोटी राहत नाही. सौम्य रक्तक्षयात फार बिघडत नाही. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल तर मात्र विमान टाळावे, असे ब्रिटिश तज्ज्ञ सांगतात. खरे तर इतका रक्तक्षय असलेल्या बाईने रेल्वेनेही लांब जाण्याआधी उपचार घ्यायला हवेत. ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी कमी प्राणवायू हा अचानक तीव्र वेदनांचा झटका आणू शकतो. अशा महिलेच्या प्रवासाचा निर्णय तिच्या डॉक्टरशिवाय कोणी घेऊ नये. हृदयाच्या झडपेचा जुना आजार, दमा बळावलेला असणे, रक्तदाब वाढून डोके दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे, रक्तस्राव, ही सगळी तिकीट रद्द करण्याची कारणे आहेत. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत, गर्भ गर्भाशयातच आहे याची सोनोग्राफीने खात्री झालेली नसताना पोटात एका बाजूला दुखत असेल, तर तेही.

दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा. गरोदरपणात रक्त घट्ट होण्याची प्रवृत्ती निसर्गतःच वाढते, प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. त्यामुळे पायाच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका इतर महिलांच्या मानाने चार-पाच पट असतो. त्यात तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसणे, पाणी न पिणे, वजन जास्त असणे यांची भर पडते. चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका जास्त. मुंबई ते वाराणसी किंवा हैदराबाद या टप्प्यात तो फारसा नाही, पण आखातात राहणाऱ्या नवऱ्याकडे किंवा अमेरिकेतल्या लेकीकडे जाणाऱ्यांनी तो गंभीरपणे घ्यावा. आणि गुठळीला विमान आणि बस यांतला फरक कळत नाही. तेलंगणाला रात्रभर धावणाऱ्या खासगी बसमध्ये एका जागी बसून राहिलेली महिला विमानातल्या महिलेपेक्षा जास्त धोक्यात असते. उपाय साधा आहे. आतल्या बाजूची, येण्याजाण्याच्या वाटेजवळची जागा घ्यावी, तासाभराने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे गोल फिरवावेत, पिंढऱ्या आवळाव्यात-सोडाव्यात. लांबच्या उड्डाणात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घट्ट बसणारे वैद्यकीय मोजे वापरावेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनची गरज मोजक्याच महिलांना असते. ते कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये आणि गुठळी टाळण्यासाठी म्हणून घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळीही घेऊ नये.

पाण्याच्या बाबतीत बायका एक चूक सर्रास करतात. शौचालयाला उठावे लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. रेल्वेतही हेच होते. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे तहान न लागताही शरीराचे पाणी कमी होते. घसा कोरडा पडतो, लघवीला जळजळ सुरू होते आणि माहेरी पोहोचेपर्यंत ताप भरतो. शिवाय उंचीवर पोटातला वायू फुगतो. हरभरा, राजमा, कोबी, सोडा असलेली थंड पेये आदल्या रात्रीपासून टाळली तर पोट कमी तडतडते.

बाकीच्या भीतींचा निकाल लवकर लागतो. सुरक्षा तपासणीतील लोखंडी चौकट चुंबकीय क्षेत्रावर चालते, क्ष-किरणांवर नाही. ज्या विमानतळांवर संपूर्ण शरीराचे स्कॅनर आहेत, तिथे रेडिओ लहरींच्या जातीच्या लहरी वापरतात. तरीही मनात शंका असेल तर हाताने तपासणी करून घेण्याची विनंती करता येते. अवकाशातून येणाऱ्या किरणोत्साराची मात्रा विमानात जमिनीपेक्षा जास्त असते हे खरे. पण गरोदरपणाच्या काळासाठी मानलेली मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे आणि जगातल्या सर्वांत लांबच्या उड्डाणातही तिच्या १५ टक्क्यांहून अधिक मात्रा मिळत नाही. हा प्रश्न आठवड्याला दोनदा उडणाऱ्या हवाई सुंदरीचा किंवा कंपनीच्या कामाने सतत फिरणाऱ्या अधिकारी महिलेचा आहे. वर्षातून एकदा माहेरी जाणारीचा नाही.

पट्ट्याबद्दल मात्र बोलायला हवे. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे सिंगापूर एअरलाइन्सचे विमान हवेच्या तीव्र खळग्यांत सापडले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. जखमींमध्ये पट्टा न बांधलेले बरेच होते. चालायला उठण्याखेरीज बाकी वेळ पट्टा बांधलेलाच असावा, आणि तो पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडांवरून जायला हवा. पोटावरून आवळलेला पट्टा धक्क्याचा सगळा जोर गर्भाशयावर देतो. पट्टा अपुरा पडला तर कर्मचाऱ्यांकडे जोडपट्टा मागता येतो. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

नाक्यापासून विमानतळापर्यंत

विमानातल्या दोन तासांची इतकी चर्चा होते, पण त्याआधीच्या दोन तासांची होत नाही. धामणकर नाक्यावरून सहारच्या विमानतळाला जायचे तर अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, बाळकुम, माजिवडा आणि तिथून पूर्व द्रुतगती मार्ग, किंवा मानकोलीवरून नाशिक महामार्ग. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या घरात. वेळ किती लागेल हे गोदामांचे कंटेनर आणि पाऊस ठरवतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तिचा पहिला टप्पा कापूरबावडी ते धामणकर नाका असाच आखलेला आहे. मेट्रो धावू लागली की या भागाचे जगणे बदलेल, पण तिच्या खांबांसाठी याच रस्त्याने इतकी वर्षे आपली रुंदी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. भिवंडीकरांसाठी तो पर्याय जवळचा ठरेलच असे नाही. कळवा, शिळफाटा या मार्गावरची कोंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. तिकीट काढताना विमानतळाचे नाव नीट वाचावे, एवढे मात्र आता आवश्यक झाले आहे.

खड्ड्यांच्या धक्क्यांनी बाळंतपण लवकर होते, ही समजूत सर्वत्र आहे. निरोगी गरोदरपणात नुसत्या हादऱ्यांनी कळा सुरू होतात याला ठोस पुरावा नाही. कंबर आणि ओटीपोट दुखते, जीव मेटाकुटीला येतो, हे खरे. धोका अपघाताचा आहे. देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. गाडीने अचानक ब्रेक लावला आणि पोट समोरच्या सीटवर आदळले, तर वार गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटू शकते. बाहेरून खरचटलेलेही दिसत नाही आणि काही तासांनी रक्तस्राव सुरू होतो किंवा बाळाची हालचाल मंदावते. म्हणून असा धक्का बसल्यावर, कितीही बरे वाटत असले तरी, आधी रुग्णालय, मग विमानतळ.

भाड्याच्या गाडीत मागच्या सीटचे पट्टे आच्छादनाखाली दडपलेले असतात. निघण्याआधी ते बाहेर काढून द्यायला चालकाला सांगावे. खालचा पट्टा पोटाखाली, वरचा छातीच्या मधून पोटाच्या कडेने, असा बांधावा. पट्टा बांधला तर बाळाला दाब बसेल या भीतीने अनेक घरांत सासूच तो बांधू देत नाही. धडक झाली तर पट्टा नसलेली बाई आणि तिचे बाळ दोघेही जास्त धोक्यात असतात, हे तिला कोणीतरी शांतपणे समजावायला हवे. रिक्षाने विमानतळ गाठण्याचा विचार या काळात तरी सोडून द्यावा.

रेल्वे की विमान, या प्रश्नाला म्हणूनच एकच उत्तर नाही. आरक्षित खालचा बर्थ मिळाला असेल तर रेल्वेत आडवे होता येते, चालता येते, अडचण आली तर पुढच्या मोठ्या स्थानकावर उतरता येते. पण कल्याणला सुट्टीच्या हंगामात गाडीत शिरणे हेच एक दिव्य असते आणि तीस तासांत दोन स्थानकांमधला निर्जन टप्पा कधीही येऊ शकतो. बिनगुंतागुंतीच्या गरोदरपणात, विमानतळापर्यंतचा रस्ता धरूनही, एक हजार किलोमीटरहून लांबच्या माहेरासाठी विमान सरस ठरते. ओढाताण कमी होते आणि रुग्णालयापासून दूर असण्याचे तास कमी होतात. प्रवासाला सर्वांत सोयीचा काळ १४ ते २८ आठवड्यांचा. मळमळ थांबलेली असते आणि पोट अजून आवरण्यासारखे असते. डोहाळजेवण पंधरा दिवस अलीकडे घेतले तर ते या काळात सहज बसते. मुहूर्तापेक्षा हा हिशेब महत्त्वाचा मानणारी घरे आता दिसू लागली आहेत.

प्रमाणपत्र कोण देणार?

नियमांतली सर्वांत मोठी अडचण इथे आहे. प्रमाणपत्र सहसा स्त्रीरोगतज्ज्ञाचे लागते. त्यावर किती आठवडे झाले, अपेक्षित तारीख, एक बाळ की जुळे, काही गुंतागुंत आहे का, प्रवासाच्या तारखेला प्रवास करण्यास ती योग्य आहे का, हे लिहिलेले असावे लागते. डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. आणि ते ताजे हवे, प्रवासाच्या काही दिवस आधीचे. किती दिवस, हे कंपनीगणिक बदलते. ज्यांचा ठरलेला खासगी डॉक्टर आहे त्यांना यात काही विशेष नाही. पण इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ज्या महिलेची दर वेळी वेगळ्या डॉक्टरशी गाठ पडते, तिला असा कागद मिळवणे हे स्वतंत्र काम होते. मग नाक्यावरच्या एखाद्या दवाखान्यातून, न तपासता लिहिलेला कागद आणला जातो. किंवा ओढणी सारखी करून, आठवडे दोनचार कमी सांगून खिडकी पार केली जाते. ज्या तपासणीसाठी नियम केला तीच यातून गळून पडते.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवरून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर माणसांचे लोंढे अडकले. त्या गर्दीत ३५ व्या आठवड्यातली एखादी महिला असेल तर तिच्यापुढे दुहेरी पेच होता. प्रमाणपत्राची मुदत संपत आलेली आणि ३६ ची रेषाही जवळ आलेली. एका आठवड्याची रद्दबातल तिला माहेरापासून कायमची तोडू शकते. नियमांच्या रेषेला चिकटून तिकीट काढू नये, किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, हा धडा त्या आठवड्याने दिला. विमान वाहतूक महासंचालनालयाला सर्व कंपन्यांसाठी आठवड्यांची एकच मर्यादा आणि प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरवून देणे अवघड नाही. सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. तिथे प्रवासाबद्दल एक प्रश्न विचारला गेला आणि नमुना भरून मिळाला, तर खोट्या कागदांची गरज बरीच कमी होईल. यासाठी नवी योजना लागत नाही, आहे त्या ओळीत एक खुर्ची वाढवावी लागते.

विमानातल्या मदतीची मर्यादाही माहीत असलेली बरी. केबिन कर्मचाऱ्यांना प्रथमोपचारात आकस्मिक प्रसूतीचेही प्रशिक्षण असते आणि आपत्कालीन पेटीत नाळेचा चिमटा असतो. ७ ऑक्टोबर २०२० रोजी दिल्लीहून बंगळूरला जाणाऱ्या विमानात अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मले, तेव्हा सुदैवाने एक स्त्रीरोगतज्ज्ञ प्रवाशांत होत्या. पण आकाशात रक्त चढवता येत नाही, सिझेरियन करता येत नाही आणि तिसाव्या आठवड्याच्या बाळाला लागणारी काचपेटी तिथे नसते. तिकीट काढण्याआधी उतरण्याच्या ठिकाणी बाळंतपणाचे आणि नवजात बाळाच्या उपचाराचे रुग्णालय कुठे आहे, हे माहेरच्यांना विचारून ठेवावे. गुंतागुंतीच्या प्रसूतीसाठी भिवंडीकरांना अनेकदा ठाणे-कळवा गाठावे लागते. माहेरच्या तालुक्यात परिस्थिती याहून बरी आहे की वाईट, हे आधी कळले तर काही जणी इथेच राहण्याचा निर्णय घेतील, आणि तो चुकीचा नसेल. पोहोचल्यावर आठवडाभरात तिथल्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट हातातल्या पिशवीत असावेत, सामानात टाकलेल्या बॅगेत नव्हे.

ठिकाणाचा आजारही पाहावा लागतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि त्यांत गरोदर महिलांचे प्रमाण लक्षणीय होते. झिका असो की हिवताप, तो विमानातून लागत नाही, उतरल्यावर डासांतून लागतो.

परतीच्या प्रवासाचा विचार तर बहुतेक घरे करतच नाहीत. नवजात बाळाला बहुतेक कंपन्या सात दिवसांनंतर घेतात, त्याआधी डॉक्टरचे पत्र मागतात. पण आईच्या बाजूने पाहिले तर गुठळीचा धोका गरोदरपणापेक्षा प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत अधिक असतो, सिझेरियन झाले असेल तर आणखी. सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडू नये ही आपली जुनी रीत या सहा आठवड्यांच्या जवळ जाते, मात्र सव्वा महिना खाटेवर पडून राहणे या धोक्याला खतपाणीच घालते. घरातल्या घरात रोज चालणे हवे. परतीचे तिकीट त्यानंतरचे घ्यावे. प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाच्या पिंढरीला सूज, दुखणे किंवा लाली आली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि आपण प्रवास केला होता हे डॉक्टरांना आधी सांगावे.